पुस्तक ‘नाही’ म्हणजे नेमके कुठे आहे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी ‘सहकारी साखर कारखाने’ हा विषय घेतला आहे. ग्रंथालयाच्या संगणकावर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसते, मी काउंटरवर चिठ्ठी देते आणि दहा मिनिटांनी आतून ‘नाही’ असे उत्तर येते. महिन्याभरात असे पाच वेळा झाले. जी दोन पुस्तके सापडली त्यांच्यावर ‘संदर्भ’ असा शिक्का असल्याने ती घरी देत नाहीत, आणि वाचनकक्षात बसले तर माझी चारची एसटी चुकते. एका वेळी दोनच पुस्तके, तीही सात दिवसांसाठी मिळतात. गावच्या यात्रेत उशीर झाला म्हणून दंडही भरला. मैत्रिणी म्हणतात की चांगली पुस्तके प्राध्यापकांसाठी बाजूला काढलेली असतात. मी प्राचार्यांकडे तक्रार करावी का? आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच. वडील ऊस लावतात आणि कारखान्याचे सभासद आहेत, पण त्यांना यातले काही विचारता येत नाही.
— तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण ज्या काउंटरसमोर तुम्ही उभ्या राहता त्याच्या पलीकडच्या बाजूला माझी सगळी नोकरी झाली आणि ‘नाही’ हा शब्द मी स्वतः किती विद्यार्थ्यांना ऐकवला असेल याची मोजदाद नाही. (विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हणण्याची सवयही त्याच नोकरीतली, ती या सदरातही सुटत नाही.) तक्रारीच्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन. त्याआधी त्या ‘नाही’चा अर्थ लावू, कारण ग्रंथालयात या एका शब्दाला निदान सात-आठ अर्थ असतात आणि त्यांतला कोणता तुमच्या वाट्याला आला आहे, यावर पुढे काय करायचे ते ठरते.

पुस्तक आपल्या संग्रहातच नाही, हा एक अर्थ. पुस्तक आहे पण कुणाच्या तरी नावावर गेले आहे, हा दुसरा. ते बायंडिंगला गेलेले असू शकते. वाचनकक्षात कुणाच्या तरी टेबलावर उघडे पडलेले असू शकते. आज सकाळीच परत आले असून देवघेवीच्या टेबलामागच्या ढिगात फळीवर जाण्याची वाट पाहत असू शकते. अर्थशास्त्र विभागाच्या छोट्या कपाटात कायमच्या मुक्कामाला गेलेले असू शकते. फळीवर असूनही चुकीच्या जागी लागलेले असू शकते. किंवा खरोखरच हरवलेले असू शकते. सगळ्यांसाठी आतून बाहेर येणारा शब्द मात्र एकच असतो. पुढच्या वेळी ‘नाही’ ऐकू आले की लगेच माघारी फिरू नका. “मामा, ते कुणी नेलं आहे, की कपाटात सापडत नाही?” एवढे शांतपणे विचारा. या एका प्रश्नाने निम्मे काम होते, कारण नेलेले असेल तर परतीची तारीख विचारता येते आणि सापडत नसेल तर शोधायला लावता येते.

आता संगणकावरच्या ‘उपलब्ध’बद्दल, कारण तुमचा राग मुख्यतः त्याच्यावर आहे. संगणक कपाटात डोकावून पाहत नाही. त्याला एवढेच ठाऊक असते की या क्षणी ती प्रत कुणाच्या नावावर टाकलेली नाही. मघाशी सांगितलेल्या अर्थांपैकी ‘कुणाच्या तरी नावावर’ आणि ‘संग्रहातच नाही’ हे दोन सोडले तर बाकी सगळ्या अवस्थांत संगणक निरागसपणे ‘उपलब्ध’च दाखवत राहतो. बायंडिंगला पाठवताना तशी नोंद करायची सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते. ती नोंद करायला माणूस लागतो, आणि अनेक महाविद्यालयांतली ग्रंथालय परिचरांची पदे रिकामी आहेत. हरवलेले पुस्तकसुद्धा साठा पडताळणी होऊन ते रीतसर कमी केले जाईपर्यंत पडद्यावर वर्षानुवर्षे ‘उपलब्ध’ राहू शकते.

त्या पडद्यावर आणखी एक गोष्ट असते, जी विद्यार्थी सहसा पाहत नाहीत. पुस्तकाच्या नावावर टिचकी मारली की खाली एक तक्ता उघडतो. त्यात प्रत्येक प्रतीची स्वतंत्र ओळ असते : दाखल क्रमांक, ती प्रत कोणत्या विभागात आहे ते, आणि तिची स्थिती. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती असतील तर दाखल क्रमांकही सहा असतात. त्यांपैकी चार नावावर गेलेल्या, एक ‘संदर्भ’ विभागात आणि एक ‘बुक बँके’त, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या संचात असेल, तर वरती मोठ्या अक्षरांत ‘उपलब्ध’ दिसते, पण तुम्हाला घरी नेण्याजोगी प्रत त्यात एकही नसते. पाचपैकी दोन-तीन वेळा तुमचे असेच झाले असावे असा माझा अंदाज आहे.

म्हणून चिठ्ठी लिहिण्याची पद्धत बदला. तुम्ही बहुधा पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे आडनाव लिहून देत असाल. ती चिठ्ठी घेऊन परिचर आत जातात तेव्हा काय होते ते मी पाहिलेले आहे. आत वीस-पंचवीस हजार पुस्तके आहेत आणि ती नावाने लावलेली नाहीत, क्रमांकाने लावलेली आहेत. नुसते नाव हातात असले तर परिचरांना स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागते. जुन्या परिचरांची स्मरणशक्ती अफाट असते, पण मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि जूनमध्ये नवा मुलगा आला, की तो अर्थशास्त्राच्या कपाटासमोर उभा राहून पुस्तकांच्या पाठी वाचत जातो, काउंटरवर गर्दी वाढलेली त्याला ऐकू येते, आणि चौथ्या फळीवर तो सोडून देतो. तुमच्या चिठ्ठीवर बोधांक आणि दाखल क्रमांक, हे दोन्ही पडद्यावरून जसेच्या तसे उतरवून घ्या; नाव आणि लेखक त्यांच्याखाली. दाखल क्रमांक लिहिला की परिचराला नेमकी ती प्रत शोधता येते, आणि नाही सापडली तर “अमुक क्रमांकाची प्रत संगणकावर आहे, फळीवर नाही” असे ग्रंथपालांना सांगता येते. ‘पुस्तक मिळाले नाही’ या तक्रारीपेक्षा हे वाक्य शंभरपट उपयोगी आहे.

बोधांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चौकोनी लेबलवरचा आकडा आणि त्याखालची अक्षरे. बहुतेक महाविद्यालयांत तो ड्युई दशांश वर्गीकरणानुसार दिलेला असतो. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, अशी तिची रचना आहे. आपल्या एस. आर. रंगनाथन यांची १९३३ ची द्विबिंदू पद्धत बुद्धीला अधिक समाधान देणारी आहे असे माझे जुने मत आहे, पण ती वापरणारी ग्रंथालये थोडी, आणि तुमच्या प्रकल्पाला या वादाचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो आकडा वाचता येण्याचा. समजा लेबलवर ३३४.६८३ आणि त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरे आहेत. बिंदूनंतरचे अंक ‘सहाशे त्र्याऐंशी’ असे वाचाल तर चुकाल. ते सुटे वाचायचे, सहा, आठ, तीन, कारण ते दशांश आहेत. म्हणून ३३४.६८३ हे ३३४.७ च्या आधी येते, नंतर नाही. नवे विद्यार्थी ३३४.७ ची फळी दिसली की ‘सहाशे त्र्याऐंशी अजून पुढे असेल’ असे समजून पुढच्या कपाटाकडे चालू लागतात. नवे परिचरसुद्धा कधी कधी चालू लागतात. दुसरी अडचण फळीची. क्रमांक एका खणाच्या वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत उतरत येतात आणि मग शेजारच्या खणाच्या वरच्या फळीवर चढतात. भिंतभर पसरलेल्या एकाच फळीने सरळ चालत जाऊन उपयोग नसतो.

तुमचे ग्रंथालय मुक्तद्वार नाही, विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत सोडत नाही, हे पत्रावरून कळतेच. तरीही हे सगळे सांगतो आहे, कारण पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ठरावीक वेळी आत जाऊ देण्याची पद्धत अनेक महाविद्यालयांत आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि ग्रंथपालांना भेटून आठवड्यातून एक तास मागा. त्या एका तासात तुम्हाला जे सापडेल ते संगणकावर महिनाभर शोधून सापडणार नाही, कारण पुस्तक त्याच्या शेजाऱ्यांसकट दिसते. हवे असलेले पुस्तक नसले तरी त्याच्या उजव्या-डाव्या हाताला त्याच विषयाची चार असतात, आणि त्यांची नावे तुम्ही संगणकाला कधीच विचारली नसती.

पण तुमच्या विषयात एक खोच आहे, आणि मला वाटते तुमच्या अडचणीचे खरे मूळ तिथे आहे. सहकारी साखर कारखाना ही गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर एक आहे : गावाबाहेरची चिमणी, ट्रॅक्टरच्या रांगा, मळीचा वास. ग्रंथालयात मात्र तिचे सात तुकडे होतात. सहकार म्हणून तिच्याकडे पाहणारे पुस्तक ३३४ मध्ये जाते. उद्योग म्हणून पाहणारे ३३८ मध्ये. ऊस या पिकाची लागवड ६३३.६१ मध्ये, म्हणजे शेतीच्या कपाटात, जे बहुधा वेगळ्याच खोलीत असते. रसापासून साखर करण्याचे तंत्र ६६४.१ मध्ये. बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांवरचे पुस्तक ३३१ मध्ये. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमावरचे ३४६ मध्ये. प्रवरानगरच्या कारखान्याची पायाभरणी करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांसारख्यांची चरित्रे ९२० च्या आसपास, आणि काही ग्रंथपाल मराठी आत्मचरित्रे थेट मराठी साहित्यात, ८९१.४६ मध्ये घालतात. एकाच पुस्तकाला एका ग्रंथालयात ३३४ आणि दुसऱ्यात ३३८ दिलेला मी पाहिला आहे. दोन्ही ग्रंथपालांचे समर्थन तयार होते आणि दोघांचेही बरोबर होते. म्हणून आधी स्वतःला विचारा की तुमचा प्रकल्प या तुकड्यांपैकी कशाबद्दल आहे. सभासद आणि संचालक मंडळ यांच्या नात्याबद्दल लिहायचे असेल तर ३३४ आणि ३४६ पुरेसे. ऊसदराबद्दल असेल तर ३३८ कडे वळावे लागेल.

शोधशब्दांच्या बाबतीत संगणक फार हट्टी असतो. इंग्रजीत ‘को-ऑपरेटिव्ह’ हा शब्द कुणी आडवी रेघ घालून लिहितो, कुणी एकत्र, आणि बऱ्याच आज्ञावल्या या दोन्हींना वेगळे शब्द समजतात. दोन्ही टाकून पाहा. शिवाय ‘शुगर’ एवढाच शब्द टाकून पाहा. मराठी पुस्तकांचे हाल याहून जास्त. काही ग्रंथालयांत त्यांची नावे देवनागरीत चढवलेली असतात, काही ठिकाणी रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये ‘साखर’ एका ‘ए’ने लिहायची की दोन, हे त्या दिवशी नोंद करणाऱ्याच्या मनावर असते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकाच्या नावात ‘महाराष्ट्रांतील’ असा अनुस्वार असेल आणि तुम्ही ‘महाराष्ट्रातील’ असे टंकले, तर पुस्तक असूनही पडदा कोरा राहील. अशा वेळी शब्द जितका लहान ठेवाल तितका बरा : ‘सहकार’ किंवा ‘ऊस’. गावांची जुनी नावेही आठवा. जुन्या पुस्तकांत अहमदनगरच असणार, अहिल्यानगर नव्हे, आणि १९६० पूर्वीच्या पुस्तकांत महाराष्ट्राऐवजी मुंबई राज्य किंवा मुंबई इलाखा. लेखकाच्या नावाने शोधताना आडनाव आधी घाला, आणि टोपणनावाने लिहिणारा असेल तर दोन्ही नावे तपासा. कुसुमाग्रज कुठे ‘क’मध्ये असतात, तर कुठे शिरवाडकर म्हणून ‘श’मध्ये.

प्राध्यापकांसाठी पुस्तके बाजूला काढतात का? काही प्रमाणात, होय. प्राध्यापकांना एका वेळी अधिक पुस्तके आणि अधिक दिवस मिळतात, हा नियमच असतो, आणि काहींच्या घरी ती वर्ष-दोन वर्षे निवांत राहतात, हेही खरे. पण असे पुस्तक संगणकावर त्यांच्या नावावर दिसते. ते ‘उपलब्ध’ दिसत नाही. तुमच्या बाबतीत संशय घ्यायचाच तर तो तुमच्याच वर्गमित्रांवर घ्यावा लागेल. आमच्याकडे एका वर्षी साठा पडताळणीत अर्थशास्त्राची तीन क्रमिक पुस्तके मधमाश्यापालनाच्या पुस्तकांमागे भिंतीला टेकवलेली सापडली. आत जाण्याची परवानगी असलेल्या कुणा हुशार विद्यार्थ्याने ती परीक्षेपुरती स्वतःसाठी राखून ठेवली आणि बहुधा परीक्षेनंतर विसरून गेला. त्या काळात ती मागायला आलेल्या मुलांना मी रोज छातीठोकपणे ‘नाही’ म्हणत होतो.

‘संदर्भ’ शिक्क्याचा आणि चारच्या एसटीचा प्रश्न अधिक खरा आहे, आणि त्यावर उपाय आहेत. संदर्भ विभागात दोन प्रकारची पुस्तके असतात. एक कोश, गॅझेटियर, जनगणना अहवाल यांसारखी, जी घरी नेऊन सलग वाचायची नसतातच. त्यांतले दोन पानांचे काम मधल्या सुट्टीत वहीत उतरवून होते. दुसरी म्हणजे एकच प्रत असलेली साधी पुस्तके, जी सगळ्यांना मिळावीत म्हणून तिथे ठेवलेली असतात. या दुसऱ्या प्रकारासाठी बऱ्याच ग्रंथालयांत ‘ओव्हरनाइट’ सोय असते : ग्रंथालय बंद होताना पुस्तक न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडताच परत करायचे. तुम्हाला बंद होण्याच्या वेळेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून ग्रंथपालांना स्पष्ट सांगा की मी गावाहून येते, मला शनिवारी साडेतीनला द्या, सोमवारी पहिल्या तासाआधी आणून देते. हा अपवाद करण्याचा अधिकार ग्रंथपालांना असतो. आणि ज्या विद्यार्थिनीची चिठ्ठी नीट भरलेली असते तिच्यासाठी तो आम्ही आनंदाने करतो. एखादे प्रकरणच हवे असेल तर तेवढ्याची झेरॉक्स काढून घ्या. खासगी अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात अशी प्रत काढण्याला प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाव दिलेला आहे. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून स्पायरल करणे ही त्यातली गोष्ट नव्हे.

दोन पुस्तके आणि सात दिवस ही मर्यादा जाचक आहे, यात शंका नाही. ती पाळूनच काम करायचे तर एक पुस्तक घरी नेण्याचे आणि एक तिथल्या तिथे चाळण्याचे, अशी विभागणी करा. घरी नेण्याआधी अनुक्रमणिका आणि शेवटची संदर्भसूची काउंटरजवळच्या बाकावर पाच मिनिटे पाहा. निम्मी पुस्तके तिथेच परत करावीशी वाटतील, आणि तुमचा एक आठवडा वाचेल. सातव्या दिवशी पुस्तक पुन्हा आपल्याच नावावर करून घेता येते, पण दुसऱ्या कुणी ते राखून ठेवायला सांगितले नसेल तरच. म्हणून दुसऱ्यांनी नेलेल्या पुस्तकांसाठी तुम्हीही अशी मागणी नोंदवून ठेवा. त्यासाठी कुठे संगणकावर कळ असते, कुठे काउंटरवर एक वही असते, आणि ती वही विचारल्याशिवाय कुणी पुढे करत नाही. परतीच्या तारखेची चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली असेल तर तिच्यावरचे शिक्के वाचा. क्रमिक पुस्तकांवर परीक्षेआधीच्या महिन्यात शिक्क्यांची गर्दी असते आणि सत्राच्या सुरुवातीला शुकशुकाट. तुम्ही शुकशुकाटात जा. दिवाळीच्या सुट्टीत अनेक महाविद्यालये पुस्तके पूर्ण सुट्टीभर देतात, ती संधी सोडू नका. दंडाबद्दल एवढेच सांगतो की यात्रा ही सवलतीची सबब होत नाही. पैसे भरून पावती घ्या आणि जपून ठेवा, कारण शेवटी अनामत रक्कम परत घेताना ‘येणे बाकी नाही’चा दाखला लागतो, आणि तेव्हा तीन वर्षांपूर्वीचे बारा रुपये कुठून तरी वर येतात.

तुमच्या विषयावरचे ताजे आणि चांगले लिखाण पुस्तकांपेक्षा नियतकालिकांत आणि प्रबंधांत अधिक आहे. १९६६ पासून मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ तुमच्या ग्रंथालयात येत असेल, तर त्याचे जुने बांधीव खंड मागा. ते खंड धूळ खात पडलेले असतात आणि त्यांच्यासाठी रांग नसते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ‘शोधगंगा’ कुणालाही मोबाइलवर विनामूल्य पाहता येते. तिथे भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवरचे त्यांत पुष्कळ आहेत. त्यातला एखादा प्रबंध उघडून आधी फक्त संदर्भसूची उतरवून घ्या. कुणीतरी चार वर्षे खपून तयार केलेली ती यादी आहे, तिच्यातल्या पुस्तकांवर खुणा करून ती तुमच्या ग्रंथपालांपुढे ठेवली, तर “साखर कारखान्यांवर काही आहे का?” या मोघम प्रश्नापेक्षा त्यांना कितीतरी नेमके उत्तर देता येईल. याच केंद्राच्या, महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके वाचायला देणाऱ्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासदत्व तुमच्या महाविद्यालयाने घेतले आहे का, तेही विचारा. घेतले असेल तर विद्यार्थ्यांनाही स्वतंत्र परवलीचा शब्द मिळू शकतो, पण तो मागावा लागतो.

महाविद्यालयाबाहेर पडायची तयारी असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आहे, ज्याला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचेच नाव आहे. प्रवरानगरच्या उभारणीत त्यांचा वाटा किती मोठा होता हे तुमच्या वाचनात येईलच. पुण्यातच वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था आहे आणि मांजरीला १९७५ मध्ये स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. अशा ठिकाणी तुमच्या ग्रंथपालांचे परिचयपत्र घेऊन जा आणि निघण्याआधी फोन करून वेळ व नियम विचारा. पुस्तक घरी मिळणार नाही, दिवसभर बसून वाचता येईल. सोबत चार नव्हे, पंधरा पुस्तकांची यादी आणि त्यांतल्या प्रत्येकातून काय पाहायचे आहे ते लिहून न्या, म्हणजे एसटीचे भाडे वसूल होईल.

तक्रारीचे आता सांगतो. प्राचार्यांकडे आज जाऊ नका. पुढचे दोन आठवडे प्रत्येक चिठ्ठीची नोंद एका कागदावर ठेवा : तारीख, दाखल क्रमांक, संगणकावरची स्थिती आणि मिळालेले उत्तर. तो कागद घेऊन ग्रंथपालांना भेटा, शक्यतो सकाळी, काउंटरवर गर्दी होण्याआधी. ‘तुमचे लोक शोधत नाहीत’ असे म्हणण्याची गरज नाही. या आठ प्रती संगणकावर आहेत आणि फळीवर नाहीत, एवढे सांगा. चांगला ग्रंथपाल तो कागद ठेवून घेईल आणि त्या आठ प्रती स्वतः शोधायला लावेल, कारण त्याला स्वतःलाच ही माहिती हवी असते. त्यानंतरही महिनाभर काहीच हालले नाही, तर तोच कागद ग्रंथालय समितीकडे अर्जासोबत द्या. बहुतेक महाविद्यालयांत प्राध्यापकांची अशी समिती असते आणि काही ठिकाणी तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतो. प्राचार्यही शेवटी तो अर्ज तिच्याकडेच पाठवणार.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रातली मला पटली नाही. वडिलांना यातले काही विचारता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते कारखान्याचे सभासद आहेत ना? मग वार्षिक सर्वसाधारण सभेआधी दरवर्षी कारखान्याचा छापील अहवाल तुमच्या घरी येत असणार. त्यात ताळेबंद असतो, गाळप किती झाले, साखरेचा उतारा किती पडला, दर किती दिला, कर्ज किती आहे, हे सगळे असते. असे अहवाल जपून ठेवणारी महाविद्यालयीन ग्रंथालये मला फारशी भेटली नाहीत. संदर्भ विभागात ते मिळालेच तर एखाद्या सुट्या वर्षाचे. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, किंवा जुन्या बिलांच्या पिशवीत, सलग दहा वर्षांचेही निघू शकतात. आज संध्याकाळी वडिलांना विचारा. सापडले तर वर्षाच्या क्रमाने लावा, आणि मधले कोणते वर्ष नाही त्याची चिठ्ठी करून कारखान्याच्या शेअर विभागात घेऊन जा.